उणे अठरा

मला किळस फार लवकर येते. हा गुण म्हणा, खोड म्हणा, जन्मापासूनची आहे. दुधावरची साय, ओलं पायपुसणं, कंगव्यात अडकलेला दुसऱ्याचा केस, एकाच्या पेल्यातलं पाणी दुसऱ्यानं पिणं, यातलं काहीही दिसलं की माझ्या पोटात ढवळायला लागतं. आई म्हणायची, "देवानं हिला नाक दिलं नि त्याच्या हातातलं सगळं सामान संपलं." अशा मुलीचा बाप नोकरीला कुठे असावा, तर कोळंबी गोठवण्याच्या कारखान्यात. ताज्या मासळीचा वास मला कधीच वाईट वाटला नाही, आम्ही मासे खाणारीच माणसं. पण कारखान्याचा वास निराळा होता. त्यात कोळंबीच्या सालांचा ढीग होता, फरशी धुवायच्या क्लोरिनचा झणका होता, जनरेटरचं डिझेल होतं आणि दिवसभर ओल्या गमबुटात राहिलेले पाय होते. बंदराच्या अंगाला वळलं की तो वास अंगावर यायचा आणि मी ओढणी नाकाला लावायची. शेजारून जाणाऱ्या बायका हसायच्या.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, तिथल्या कोल्ड स्टोअरचे सुपरवायझर होते. ते संध्याकाळी कधी पुढच्या दारानं घरात आले नाहीत. लुना अंगणात लावून तसेच मागच्या विहिरीकडे जायचे. तिथे धुण्यासाठी जांभ्याचा एक मोठा चिरा टाकलेला होता, त्यावर आईनं आधीच अर्धं लिंबू आणि मूठभर राख ठेवलेली असायची. अण्णा आधी राखेनं हात घासत, मग बोटांच्या बेचक्यांत लिंबू चोळत, मग झाडूतला हीर मोडून त्यानं नखं कोरत. रहाटाचा करकराट, पाणी ओतल्याचा आवाज, अण्णांचं गुणगुणणं, हे सगळं ओळीनं ऐकू आलं की मी मागच्या पडवीत जाऊन उभी राहायची. अण्णा दोन्ही पंजे माझ्या नाकापुढे धरून विचारत, "बघ गो बाय, येतो वास?" मी परीक्षकासारखी हुंगून सांगायची, "नाही येत." मग ते घरात शिरत. माझ्या नाकानं पास केल्याशिवाय ते चहाच्या कपालाही हात लावत नसत. श्रावणात तर आई त्यांना डोक्यावरून अंघोळ करायला लावी, कारण महिनाभर घरात मासळीचं नाव नसायचं आणि बाप मात्र दिवसभर कोळंबीतच उभा. बापाला लेकीच्या नाकाची एवढी कदर असलेलं घर मी दुसरं पाहिलं नाही. अण्णांच्या इतका स्वच्छ माणूस रत्नागिरीत नसेल, अशी माझी समजूत होती.

माझ्या मावशीचा मुलगा, शेखरदादा, पूर्णगडहून शिकायला म्हणून आमच्याकडे आला तो शिक्षण संपल्यावरही राहिलाच. गावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये तो शिकवायचा, आणि कुठून कुठून सुटे भाग आणून त्यानं आमच्या माजघरात एक कॉम्प्युटर उभा केला होता. आईनं त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं होतं. दसऱ्याला त्यावर हळदकुंकू पडे आणि मग दिवाळीपर्यंत मी एका जुन्या टूथब्रशानं कळांच्या फटीतलं कुंकू काढत बसे, तेही किळस येत येत. त्याच कॉम्प्युटरवर दादानं मला सी भाषा शिकवली. आई वाटण वाटतेय, पाट्यावर वरवंट्याचा घरघराट चाललाय आणि आम्ही दोघं निळ्या पडद्यासमोर लूप आणि ॲरे यांत डोकं घालून बसलोय, असं ते माजघर मला अजून दिसतं. दादा चांगला शिकवायचा. न समजता पुढे जाऊ द्यायचा नाही. फक्त एका प्रकरणाशी आलो तेव्हा त्यानं पाच-सहा पानं एकदम उलटली आणि म्हणाला, "हे गाळ." ते प्रकरण फंक्शन पॉइंटरचं होतं. "का?" म्हटलं, तर म्हणाला, "तुझ्या कामाचं नाही." नंतर मी स्वतः कॉलेजात आयुष्यभर सी शिकवलं आणि पाहिलं की बहुतेक मास्तर हे प्रकरण गाळतात, परीक्षेला येत नाही म्हणून. जे गाळत नाहीत ते बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार अशी चार फंक्शनं घेऊन एक नि:सत्त्व उदाहरण देतात आणि मुलं ते गोळीसारखं गिळतात. त्या उदाहरणाचीही मला किळस आहे. पण दादानं गाळायचं कारण वेगळं होतं.

कारखान्यातल्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम दादानंच लिहून दिला होता. कोल्ड स्टोअरमधून एक वायर ऑफिसातल्या कॉम्प्युटरला आणलेली होती, आणि वीज गेली तरी तो बॅटरीवर नि जनरेटरवर चालूच राही. दर मिनिटाला आतलं तापमान पडद्यावर उमटायचं. उणे अठराच्या आसपास असलं की सगळं ठीक. जास्तच वर चढलं तर पडदा लाल होई आणि भोंगा वाजे. रत्नागिरीत वीज जायची तशी जायचीच, आणि वीज परत आल्यावर कोल्ड स्टोअरचा कॉम्प्रेसर कुणीतरी हातानं चालू करावा लागे. म्हणून तो भोंगा. रखवालदार होता धोंडू, पावस गावाकडचा, मला पाळण्यात झोके दिलेला माणूस. त्याला काम एवढंच सांगितलेलं, की काचेतून पडदा बघत राहायचं आणि भोंगा झाला की धावत वायरमनला आणायचं. कळांना हात लावायची त्याला बंदी होती आणि ती तो देवळातल्या गाभाऱ्यासारखी पाळायचा.

परदेशी जाणारा माल म्हटल्यावर तपासणी आली. तपासणीचे साहेब अधूनमधून येत, आणि आले की त्यांचं जेवण आमच्याकडे. हॉटेलातलं काय चांगलं नाही, असं कारखान्याच्या शेठचं मत होतं, आणि आईच्या हाताला चव आहे, हेही त्यांचंच मत. त्यामुळे आई सकाळपासून ओट्याशी. त्या वर्षी साहेब आले ते नेमके गणपतीच्या तोंडावर, त्यांनाही सणाला घरी पोचायचं होतं. घरात मखराचा पसारा, ओटीवर कागदाचे कपटे, आणि आई मागे हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत होती. वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, सोलकढी, आंबेमोहोराचा भात. मासळी तपासणारा साहेब आणि ताटात एक बोंबीलही नाही, म्हणून दादा हसत होता. अण्णा साहेबांना घेऊन घाईघाईनं आले, पुन्हा विहिरीकडे, पुन्हा लिंबू, पुन्हा माझ्या नाकापुढे हात. मी पास केलं. साहेबांनी पातोळ्या मागून घेतल्या. हळदीच्या पानाचा तो वाफाळ वास घरभर भरला होता, आणि साहेब बोटं चाटत म्हणाले, "तुमच्या स्टोअरसारखं स्टोअर जिल्ह्यात नाही हो. काटा उणे अठराला जो बसलाय तो बसलाय." अण्णा मान खाली घालून त्यांना तूप वाढत होते. मला त्यांचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी कारखाना बंद झाला. गणपतीत कोकणात कारखाना, कचेरी, दुकान काहीच चालत नाही. मशिनं असली तरी त्यांना चालवणारी माणसं आपापल्या घरी गेलेली असतात. फक्त बर्फाचा विभाग आणि स्टोअर चालू, आणि धोंडू. तो जेवायला जाता-येता आमच्याकडे डोकावायचा, आरतीत टाळ वाजवायचा, आणि प्रसाद घेता घेता सांगायचा, "उणे अठरा हाय अण्णा." अण्णा म्हणायचे, "शाबास." एका रात्री बराच वेळ वीज गेली होती, समईच्या उजेडात भजन झालं, तरी दुसऱ्या दिवशी धोंडू आला तो हेच सांगत. त्याच्या तोंडून तो आकडा रोज ऐकून ऐकून माझा धाकटा चुलतभाऊसुद्धा आरतीच्या शेवटी "उणे अठरा" म्हणायला लागला होता आणि सगळे हसत होते. आई गौरीच्या जेवणाची तयारी करत होती. घरात उकडलेल्या तांदळाच्या पिठाचा, खोबऱ्याचा, अगरबत्तीचा वास होता, आणि माझं नाक त्या दिवसांत सुखात होतं.

विसर्जनानंतर स्टोअरचं दार उघडलं. मी तिथे नव्हते, पण त्या दिवशी वास आमच्या आळीपर्यंत आला, आणि आमची आळी बंदरापासून काही जवळ नाही. कॉम्प्रेसर बहुधा त्या वीज गेलेल्या रात्रीच बंद पडला होता. बर्फाचा विभाग जनरेटरवर चालू राहिला, त्यामुळे मशिनांचा आवाजही थांबला नाही. आणि वास आला असेल तर तिथे वास रोजचाच. आतली कोळंबी सुटली, मऊ झाली, तिचा रस खोक्यांतून झिरपून फरशीवर आला आणि त्यात किडे पडले. अण्णा घरी आले ते विहिरीवर बसून ओकले. ते किती वेळ ओकत होते ते मी पडवीतून ऐकलं, आणि इतकी वर्षं ज्यांच्या पोटात काही ढवळत नव्हतं त्यांना ओकताना ऐकून मला किळसेपेक्षा भीती वाटली. रात्री आईला सांगत होते, शेठनी विचारलंय, पडदा बघायला माणूस ठेवला होता ना, मग तो काय करत होता, नि तुम्ही काय करत होतात. दोघांपैकी एकाला जावं लागणार होतं.

मी ठरवलं की अण्णांना जाऊ द्यायचं नाही. पडदा उणे अठरा दाखवत होता, हे धोंडू शपथेवर सांगत होता, आणि धोंडूला खोटं रचता येत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे चूक प्रोग्राममध्ये. दादा म्हणत होता, "वायर निखळली असेल." पण वायर निखळली तर आकडा भलताच यायला हवा, शहाण्यासारखा उणे अठराला कसा बसेल? दादा क्लासला गेला तेव्हा मी त्याच्या खोक्यातून फ्लॉपी काढली आणि तो प्रोग्राम उघडला.

फार मोठा नव्हता. तापमान घेणारं एक फंक्शन होतं, दादानं त्याचं नाव 'वाच' ठेवलं होतं. त्यात काही चूक सापडली नाही. पण गंमत अशी की मुख्य प्रोग्राममध्ये 'वाच'ला कुठे हाकच मारलेली नव्हती. तिथे होती एक विचित्र आकृती: कंसात एक चांदणी, चांदणीला चिकटून 'मोज' हे नाव, आणि पुढे रिकामा कंस. 'मोज' नावाचं फंक्शन शोधायला मी सगळी फाइल उलटीपालटी केली. ते कुठे नव्हतंच. मग मी दादानं गाळलेली पानं उघडली. ती वाचताना हळूहळू उलगडलं ते असं, की 'मोज' हे काम करणारं कुणी नाहीच, ती नुसती एक जागा आहे. त्या जागेत कुठल्यातरी फंक्शनचा पत्ता ठेवायचा. मग 'मोज'ला हाक मारली की त्या पत्त्यावर जो असेल तो काम करतो आणि उत्तर आणून देतो. आई जेवताना म्हणते ना, "कोण आहे गो तिकडे, पाणी आणा," आणि जो जवळ असेल तो आणतो. आईला तांब्या दिसतो. कुणी भरला, कुठून भरला, हे ती बघत नाही. त्यात वाईट काही नाही. मोठमोठे प्रोग्राम या सोयीवर उभे आहेत, तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, हे मी पुढे तीस वर्षं पोरांच्या डोक्यात घालत आले.

त्या प्रोग्राममध्ये पाणी आणणारे दोघं होते. सुरुवातीला 'मोज'मध्ये 'वाच'चा पत्ता असायचा. एफ-नाइनची कळ दाबली की तो पुसून तिथे दुसऱ्याचा पत्ता बसायचा, आणि पुन्हा दाबली की परत 'वाच'. या दुसऱ्या फंक्शनचं नाव होतं 'साहेब'. चार ओळींचं होतं. ते वायरकडे बघतही नव्हतं. उणे अठरा घ्यायचे, त्यात वाटेल तसा एक बारीक तुकडा मिळवायचा किंवा काढायचा, आणि ते उत्तर म्हणून द्यायचं. म्हणजे आता उणे अठरा पूर्णांक दोन, जरा वेळानं उणे सतरा पूर्णांक नऊ. भोंगा वाजवायचा की नाही ते या उत्तरावरच ठरत होतं, म्हणून भोंगा गप्प. मला त्या चारही ओळी एका नजरेत समजल्या. नुसतं उणे अठरा लिहिलं असतं तर मी एकवेळ म्हटलं असतं, चला, खोटं आहे. पण तो एवढासा हलणारा तुकडा, खरं वाटावं म्हणून मुद्दाम लावलेला, तो मला पाण्यात पडलेल्या केसासारखा दिसला. ज्यानं तो लावला त्याच्या हातून मी सी शिकले होते.

दादा आला तेव्हा मी पडद्याकडे नुसतं बोट दाखवलं. त्यानं बघितलं, क्रोशाचं झाकण उचललं आणि पडद्यावर घातलं. मी म्हटलं, "लाज नाही वाटली? अण्णांच्या घरात जेवतोस आणि त्यांच्याच नोकरीवर येईपर्यंत तोंड बंद ठेवतोस?" त्यानं झाकणाची कड सरळ केली. मग म्हणाला, "काकांना विचार."

"काय विचारू?"

"काकांना विचार गो. मी जेवतो त्यांच्या घरात, म्हणूनच बोललो नाही."

अण्णा मागे चिऱ्यावर बसले होते. कारखान्यात सफाई चालली होती आणि ते दोनदोनदा हात धूत होते. मी सगळं सांगितलं, 'वाच', 'साहेब', एफ-नाइन. सांगताना माझा आवाज चढला होता, कारण अजूनही मला वाटत होतं की मी त्यांना वाचवायला आले आहे. त्यांनी लिंबू फिरवायचं थांबवलं नाही.

"ते मीच करून घेतलं शेखरकडून," ते म्हणाले. "वीज जायची, आकडा चढायचा. शेठ स्टोअरसाठी डिझेल जाळू द्यायचे नाहीत. साहेब आले की काय दाखवायचं?"

"मग त्या दिवशी…"

"त्या दिवशी दाबली मी. ते जेवायला निघाले, तुझ्या आईच्या पातोळ्या निवत होत्या. परत दाबायची राहिली."

एवढंच. पातोळ्या निवत होत्या. मी त्यांना म्हटलं, मग शेठना सांगा, धोंडूचा यात काही दोष नाही. ते म्हणाले, "शेठना ठाऊक आहे." मी म्हटलं, मग सगळ्यांसमोर सांगा. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझं शिक्षण व्हायचंय बाय. बघू." या 'बघू'चा अर्थ आमच्या घरात लहान पोरालाही कळायचा. त्याचा अर्थ नाही असा होता. आईला सांगितलं तर ती पाटा धूत होती, म्हणाली, "बाप्यांच्या कामातलं आपल्याला काय कळतं," आणि पाटा जरा जास्तच जोरात घासायला लागली. मला त्या पाट्याची, त्या स्वयंपाकघराची, घरात अजून रेंगाळणाऱ्या हळदीच्या पानाच्या वासाची, सगळ्याची शिसारी आली.

दोन-तीन दिवसांनी धोंडूला काढलं. तो आमच्या अंगणात आला, पायरीवर न चढता खालीच उभा राहिला. "अण्णा, तुमी एक सबूद टाका शेठकडं," तो म्हणाला. "मी खरंच बगत व्हतो. एक मिन्टं डोळा लागला नाय माजा. उणे अठराच व्हतं."

"हो रे," अण्णा म्हणाले. "टाकतो शब्द. चहा घेऊन जा."

धोंडूनं मला दारात पाहिलं. "बाय, तू शिकल्येस त्येतलं. तूच सांग, मशिन खोटं बोलंल काय?"

"बोलतं धोंडूकाका," मी म्हटलं. "कळ दाबली की बोलतं. तुम्ही बरोबर वाचत होतात, ते दाखवत होतं खोटं. कळ दाबून ठेवलेली होती."

अण्णा खांबाला टेकून उभे होते. मला वाटलं, आता बोलतील. धोंडू माझ्याकडे बघत राहिला, मग अण्णांकडे, आणि मग हसला, आपल्या पोरीच्या अगोचरपणाला हसावं तसा. "नाय गो बाय," तो म्हणाला. "अण्णा व्हते ना तितं. अण्णा असताना कोण कळ दाबील?" आणि मला समजवायला म्हणून त्यानं मानही हलवली. अण्णांनी आत जाऊन गणपतीची उरलेली नारळाची वडी आणली आणि त्याच्या हातावर ठेवली. धोंडूनं ती कपाळाला लावून खाल्ली. पुढे तो पावसला कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत राखणीला राहिला. रस्त्यात भेटला की अण्णांची चौकशी करायचा, अगदी अण्णा गेले तरी वर्षभर करत होता, कारण त्याला कुणी कळवलं नव्हतं. मीच सांगितलं तेव्हा रस्त्यातच खाली बसून रडला.

अण्णांची नोकरी राहिली आणि माझं शिक्षण झालं. हे दोन्ही मी एका वाक्यात लिहिते आहे, कारण ते एकच आहे. लोक मला विचारतात, बाई, तुम्ही फंक्शन पॉइंटर इतका नीट कुठे शिकलात. मी म्हणते, घरी.

धोंडू गेला त्याच दिवशीची संध्याकाळ. लुना अंगणात लागली, रहाट करकरला, पाणी पडलं. गुणगुणणं नव्हतं. मी पडवीत उभी राहिले नव्हते, अण्णाच मला शोधत माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आले, ओल्या हातांनी. नखं कोरून कोरून लाल झाली होती. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले.

"बघ गो बाय, येतो वास?"

मी हुंगलं. राखेचा नाही, मासळीचा नाही, नुसता स्वच्छ, आंबट, ताज्या लिंबाचा वास होता.

"येतो," मी म्हटलं.

अण्णांनी हात खाली घेतले. मग आईकडे दुसरं लिंबू मागून परत विहिरीकडे गेले.